हद्दीपलीकडची वाळू

बांध टिटवीने बांधला. म्हणजे हातात घमेलं-फावडं घेऊन नव्हे. कागदावर तिने आखला आणि पाण्यात तिच्या दादाने उतरवला. पण कुणी विचारलं की दादाच छाती फुगवून सांगायचा, हा आमच्या टिटवीचा बांध. टिटवी हे नावही त्यानेच ठेवलेलं. लहानपणी ती किनाऱ्यावर हिंडत दिवसभर एवढा कलकलाट करायची, की तिचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी बसलंच नाही. पुढे ती शिकली, किनाऱ्यावरच्या बांधकामांची आखणी करणारी नावाजलेली बाई झाली, ऑफिसात सगळे मॅडम मॅडम करायला लागले. पण दादाच्या दारात पाऊल पडलं रे पडलं, की मॅडमची पुन्हा टिटवी व्हायची.

आता हा बांध म्हणजे काय प्रकरण होतं, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. दादाच्या घरापासून चालत थोड्या अंतरावर, किनारा जिथे वळण घेतो तिथे, पैसेवाल्यांसाठी बंगले उठत होते. एकेका बंगल्याला पुढे अख्खा समुद्र आणि मागे स्वतःचं तळं. बिल्डर पक्का होता. त्याला बरोबर कळलं होतं, की या लोकांना नुसती चैन पुरत नाही, चैनीच्या जोडीला पुण्यही लागतं. निसर्गाला कमी त्रास देऊ ही भाषा तेव्हा जुनी झाली होती; निसर्गात भर घालू, होता त्याहून चांगला करून परत देऊ, असं बोलायची टूम निघाली होती. बिल्डर नुसता बोलणार होता. टिटवीने ते खरं करून दाखवलं, आणि सगळी गोम तिथेच आहे. तिने खोटेपणा केला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

बंगल्यांच्या भिंती तिथल्याच मातीच्या, छपरांवर गवत, सांडपाणी लव्हाळ्याच्या वाफ्यांतून गाळून तळ्यात. समुद्राच्या अंगाला लोक सहसा काँक्रीटची भिंत घालतात. टिटवीने तिथे पाण्यात, किनाऱ्यापासून थोडं आत, छिद्रं-छिद्रं असलेल्या ठोकळ्यांची लांबलचक रांग लावली आणि मधे रिकाम्या शिंपल्यांनी भरलेल्या जाळीच्या पिशव्या. अशा जागी कालवं येऊन बसतात. कालव म्हणजे खडकाला जन्मभर धरून राहणारा शिंपला. एकदा चिकटला की जागचा हलत नाही. त्याच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा, असा बांध आपसूक वाढतो. लाट त्याच्यावर फुटते, दमते आणि बरोबर आणलेली वाळू आतल्या बाजूला टाकून जाते. त्या वाळूवर मर्यादवेल पसरते, वेलीत आणखी वाळू अडकते, टेकड्या उठतात, पक्षी येतात. भिंत दरवर्षी झिजते, हा बांध दरवर्षी वाढतो. हे वाक्य टिटवी सभांमधून इतक्यांदा बोलली होती, की तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने म्हणून दाखवलं असतं.

शिंपले वाहून नेण्याचं काम दादाने मागून घेतलं. गावोगावच्या खाणावळींतून उकिरड्यावर जाणारे शिंपले गोळा करायचे, उन्हात वाळवायचे, पिशव्या भरायच्या आणि होडीने नेऊन पाण्यात लावायच्या. त्यांचा वास असा, की अख्खा हंगाम वहिनीने त्याला घरात घेतला नाही, ताट बाहेर आणून दिलं. दादा म्हणायचा, बहीण मोठी झाली आणि मी बाहेर पडलो. तसा त्याचा खरा धंदा होड्या दुरुस्तीचा. घरापुढची वाळू हाच त्याचा कारखाना. भरतीच्या पाण्यावर होडी किनाऱ्याला लावायची, ओंडक्यांवरून ओढून वर घ्यायची, एका कुशीवर कलती करायची, तळ खरवडायचा, फळ्यांच्या फटींत कापसाचा पीळ ठोकून बसवायचा, वरून राळ भरायची, मग दुसऱ्या कुशीवर. या कामाला वाळूच लागते. चिखलात होडी रुतून बसते आणि खडकावर तिचा तळ फुटतो. वाळू तेवढी तिला अंगावर घेते. वडिलांनी हेच केलं, दादाने हेच केलं, आणि टिटवीचं शिक्षण त्याच वाळूवर झालं. दादाने ते कधी बोलून दाखवलं नाही. टिटवी मात्र विसरली नव्हती.

बांध उतरला तेव्हा टिटवीला एकच धास्ती होती. बिल्डर आज गोड बोलतोय, पण बंगले विकून झाले की मालक लोक नौकांसाठी धक्का मागतील आणि हा मधे येणारा बांध जेसीबीने उपटून काढतील. असं तिने दोन ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ती हट्टाला पेटली. प्रत्येक बंगल्याच्या विक्रीत एक अट घालायला लावली: बांधाचा एक ठोकळाही कुणी, कधी, कुठल्याही कारणासाठी हलवायचा नाही. अट बदलायची तर सगळे मालक झाडून एका मताचे हवेत. एक जरी नको म्हणाला तरी विषय संपला. बिल्डर वैतागला. वकिलाने तिला समजावलं, की मॅडम, उद्या तुम्हालाच काही बदल करावासा वाटला तर? थोडी फट ठेवा. टिटवीने ऐकलं नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, माणूस म्हटला की कारण सापडतंच, असं ती भर बैठकीत म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिने दादाला ते रंगवून सांगितलं. दादा म्हणाला, शाब्बास, अशांना असंच बांधून घालावं लागतं.

पुढे बांधाचं नाव झालं. बक्षीस मिळालं, लांबलांबून लोक बघायला आले. वाळूच्या टेकड्या माणसाच्या उंचीला लागल्या. टिटवी पाहुण्यांना घेऊन त्यांच्यावरून अनवाणी चालायची, आणि खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यात त्याहून मोठा आनंद दुसरा नव्हता. आपण जगात येऊन काहीतरी वाढवलं, असं किती जणांना म्हणता येतं?

इकडे दादाच्या दारातली वाळू कमी व्हायला लागली होती. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. समुद्र खवळला की वाळू ओढून नेतो आणि शांत झाला की परत आणून टाकतो, हे त्यांच्या घरातलं नेहमीचं गणित. एक वर्ष कमी आली. दादा म्हणाला, येईल. दुसऱ्या वर्षी त्याहून कमी आली. दादा म्हणाला, उशीर होतोय. टिटवी त्या काळात सभा-संमेलनांत गुंतलेली. घरी यायची ती घाईत, रात्री जेवून सकाळी पसार. तिसऱ्या वर्षी ती भर दुपारी, ओहोटीच्या वेळी आली आणि पायरीवरच थबकली. घरापुढे वाळू नव्हतीच. खालची काळी चिकणमाती उघडी पडली होती, मधून मधून खडकांची टोकं वर आली होती, आणि एक होडी त्या चिखलात अर्धी रुतून वाकडी पडली होती. दादा आणि दोन गडी तिच्याखाली फळ्या सरकवत होते. तिला बघून दादा हसला. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून हसला तो.

तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळीच ती बंगल्यांकडच्या टेकड्या पाहुण्यांना दाखवून आली होती. वाळू काही आभाळातून पडत नाही. ती किनाऱ्याकिनाऱ्याने वाहत येते, एका दारातून दुसऱ्या दारात जाते. तिकडे अडली म्हणजे इकडे आली नाही, एवढं सरळ आहे ते. बांध आखण्याआधी वाळूच्या वाटेचा अभ्यास झाला होता, चांगल्या तज्ज्ञांनी केला होता. फक्त तो प्रकल्पाच्या हद्दीपर्यंत केला होता, कारण नकाशा तिथे संपत होता. समुद्राला कुंपण नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कागदावर जाड लाल रेघ ओढली, की भल्याभल्यांची नजर तिथे थांबते. टिटवीचीही थांबली. आणि त्या रेघेच्या पलीकडे तिचं स्वतःचं घर होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर एक वेळ समजून घेता आलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा हातपाय धुऊन वर आला तेव्हा तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वहिनी चहा घेऊन आली होती, ती कपबशा हातात धरून उभीच राहिली. दादाने ऐकून घेतलं. तो चिडेल, निदान दोन शब्द बोलेल, अशी टिटवीची तयारी होती. तसं काही झालं नाही. फुटलेल्या फळीकडे बघावं तसा तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"मग काढ की," तो म्हणाला. "सगळा नको. वाळू जाईल एवढी वाट कर मधून."

"करते," टिटवी म्हणाली.

दादाने कप उचलला आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागला. त्याच्या लेखी काम झालं होतं. टिटवीने करते म्हटलं होतं ना.

ती आधी बिल्डरकडे गेली. तो केव्हाच मोकळा झाला होता, दुसऱ्या किनाऱ्यावर तसलेच बंगले उठवत होता. त्याने तिला बसवलं, कॉफी पाजली आणि हात पसरून म्हणाला, की मॅडम, माझे हात तुम्हीच तर बांधलेत. त्याला मनातून गुदगुल्या होत असतील, पण चेहऱ्यावर त्याने दिसू दिलं नाही. मग ती एकेका मालकाला भेटली. काही जण चटकन तयार झाले. काहींना बांध कुठला आणि काय, हेही धड ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणतायत तर करा, म्हणाले. एक बाई तर भावाचं ऐकून हळहळली आणि सही कुठे करायची ते विचारायला लागली. टिटवीच्या जिवात जीव आला. होता होता एकच माणूस उरला, आणि तो म्हणजे डॉक्टर.

डॉक्टर मालकांच्या मंडळाचे अध्यक्ष. जन्मभर हृदयाची ऑपरेशनं केली, आणि बायको गेल्यावर मोठ्या शहरातलं घर बंद करून इथे येऊन राहिले. टिटवीचं भाषण ऐकूनच त्यांनी बंगला घेतला होता. रोज ओहोटीला गुडघ्याएवढे बूट घालून ते बांधावर जायचे, कालवं किती वाढली बघायचे, कुठला नवा पक्षी दिसला तर तिला फोन करून कळवायचे. बांधाने मला जगवलं, असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मतलबी माणूस असता तर टिटवीने त्याला कसंही वळवलं असतं. इथे गाठ भल्या माणसाशी होती.

मंडळाची बैठक क्लबहाउसच्या मोठ्या खोलीत झाली. ती खोलीही टिटवीचीच. मातीच्या जाड भिंती, समोरासमोर खिडक्या, पंखा नसताना वारा असा खेळायचा की टेबलावरचे कागद धरून ठेवावे लागायचे. तिने नकाशा पसरला, या वेळी हद्दीपलीकडचा सुद्धा, आणि वाळू कुठून येते, कुठे अडते, कुणाच्या दारातून नाहीशी होते, ते सगळं मांडलं. मधे एक रुंद वाट पाडली तर उरलेला बांध राहील, वाटेतला एवढा भाग तेवढा जाईल, असं सांगितलं. मग हात वर करायला सांगितले. डॉक्टर सोडून सगळ्यांचे हात वर गेले. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"मॅडम, घर हलवता येतं," ते म्हणाले. "कालव हलवता येत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

"ते माझ्या भावाचं घर आहे, डॉक्टर."

"म्हणून तर." त्यांचा आवाज फार मऊ होता. "आज तुमचा निर्णय तुमचा नाही. अशाच दिवसासाठी तुम्ही ती अट घातली होतीत."

बाकीच्यांनी त्यांची समजूत घालून पाहिली. एक-दोघे तावातावाने बोलले. डॉक्टर कुणावर रागावले नाहीत, फक्त मान हलवत राहिले. त्या जागेत आता कितीतरी जीव राहायला आलेत, त्यांना कुणी विचारलंय का, एवढंच त्यांचं म्हणणं. हे सगळे टिटवीचेच शब्द. दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल असते तर तिनेही हात खालीच ठेवला असता, आणि हे तिला स्वतःलाच इतकं लख्ख दिसत होतं, की भांडायला तोंड उरलं नाही.

एके सकाळी तिने बांध स्वतःच फोडून पाहिला. पहार घेतली, ओहोटीला एकटीच बांधावर गेली. म्हटलं, गेली अट खड्ड्यात. पहिला घाव घातला आणि कालवांचा एक गड्डा निखळून पाण्यात पडला. दुसरा घाव, तिसरा घाव. आतून इवलेसे खेकडे सैरावैरा पळाले. तिच्या तळहातांची सालटी निघाली आणि बांधाला पडलेलं भोक पाहिलं तर त्यातून मांजर गेलं नसतं. मशीनशिवाय हे होणारं काम नव्हतं, आणि मशीन आणायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. इतका मजबूत बांध तिने कशाला बांधला होता? ती तिथेच पाण्यात बसली आणि रडली. दादाच्या वाळूसाठी रडली आणि त्या निखळलेल्या कालवांसाठीही रडली, आणि या दुसऱ्या रडण्याची तिला इतकी लाज वाटली, की ती कुणाला कधी सांगू शकली नाही.

दादाला तिने नकार कळवला. तो फोनवर बरं म्हणाला. मग समुद्र खवळण्याचे दिवस आले. आधी वाळूवर फुटून परतणारी लाट आता थेट आवारात घुसली. होड्यांचं सामान ठेवायची शेड एका भरतीत गेली. राळेची कढई, ओंडके, वडिलांच्या वेळची हत्यारं सगळं गेलं. घराच्या जोत्याला तडा पडला, स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं. होडीवाल्यांनी तरी किती दिवस चिखलात होड्या घालाव्यात? ते पुढच्या खाडीत जायला लागले, वहिनीच्या माहेरी. तिथे वाळू भरपूर होती आणि वहिनीचा धाकटा भाऊ हेच काम करायचा. त्याला सगळे ढब्बू म्हणायचे. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून पडलेलं नाव. आता वाळून काटकुळा झाला होता तरी ढब्बूच. हे काम त्याला दादानेच शिकवलेलं. आता दादा रोज सकाळी डबा घेऊन त्याच्याकडे गडी म्हणून जायला लागला. ढब्बू बिचारा संकोचून जायचा, भाऊजी तुम्ही बसा, मी करतो, म्हणायचा. दादा थट्टेवारी न्यायचा. बसायचे पैसे देणार असशील तर बसतो, म्हणायचा. घरी आल्यावर मात्र तो कुणाशी बोलेनासा झाला, असं वहिनी सांगायची.

आणि मग एक दिवस डॉक्टर आपण होऊन टिटवीच्या ऑफिसात आले. त्या बैठकीपासून त्यांना चैन नव्हतं. त्यांनी मंडळापुढे विषय मांडला होता आणि सगळ्यांनी एकमुखाने मान्य केला होता. मॅडमच्या भावाच्या किनाऱ्यापुढेही तसाच बांध घालून द्यायचा. सगळा खर्च मंडळाचा, आखणी मॅडमची, आणि अट तीच, की पुढे कुणी तो हलवायचा नाही. मोडायचं कशाला, आणखी वाढवूया, असं म्हणताना म्हाताऱ्याचा चेहरा फुलून आला होता. टिटवीला त्यांचं मन मोडवेना. विचार करून सांगते, म्हणाली.

या वेळी तिने नकाशा हद्दीपाशी संपू दिला नाही. किनाऱ्याच्या टोकापर्यंत सगळं पुन्हा मोजून घेतलं. निघालं ते तिला आधीच ठाऊक होतं. पहिल्या बांधाला चुकवून जी थोडीफार वाळू अजून वाहत होती, ती दादाच्या दारापुढून जाऊन ढब्बूच्या खाडीत उतरत होती. दादापुढे बांध घातला की ती तिथे अडणार. दोन-तीन वर्षांत दादाचं आवार पुन्हा उभं राहील, घरही वाचेल. आणि ढब्बूच्या दारात काळी माती उघडी पडेल.

ती घरी गेली तेव्हा दादा नुकताच कामावरून आला होता. वहिनी जमिनीवर बसून मेथी निवडत होती. न लागणाऱ्या दाराला तिने दगड लावून ठेवला होता. टिटवीने काही लपवलं नाही. एकदा रेघेपाशी थांबून हे झालं होतं, आता पुन्हा थांबायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. डॉक्टरांचा बेत सांगितला, वाळूची वाट सांगितली, ढब्बूचं काय होईल तेही सांगितलं. ऐकताना दादाचे डोळे आधी चमकले आणि मग विझले.

"नको," तो म्हणाला. "त्याच्या ताटात जेवतोय मी आज."

तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. टिटवीला सुटल्यासारखं वाटलं. तिच्या मनात आलं, बरं झालं, कुणीतरी नको म्हणालं. नकाशा गुंडाळायला तिने हात पुढे केला, तर वहिनीने त्याच्यावर हात ठेवला.

"ढब्बूला कधी कळेल?" वहिनीने विचारलं.

"तीन-चार वर्षं तरी नाही. आधी वाटेल, यंदा वाळू उशिरा येतेय."

वहिनीने पुढ्यातली मेथी बाजूला केली. ती बाई तशी कमी बोलणारी. लग्न होऊन आल्यापासून ढब्बूला दुखलं-खुपलं की तिकडे धावणारी, त्याच्या पोरांची बाळंतपणापासून सगळी उस्तवार केलेली. टिटवीला वाटलं, आता ही रडेल. पण वहिनीने दाराच्या दगडाकडे पाहिलं, जोत्याच्या तड्याकडे पाहिलं, मग बाहेर पायरीवर बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

"हा माणूस गेलं वर्षभर झोपलेला नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "तू कर. ह्यांना मी बघते. माझा भाऊ आहे, पाप माझ्या डोक्यावर."

टिटवी म्हणाली, की वहिनी, तुम्ही असं नका म्हणू. खरं म्हणजे ढब्बूचं वाईट वाटत असतानाच घर वाचणार म्हणून तिला आत कुठेतरी हायसं वाटलं होतं. ते वहिनीच्या नजरेतून सुटलं नसणार.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. हात मेथीने हिरवे झालेले, म्हणून तिने बोटाच्या टोकाने स्पीकर लावला. ढब्बू होता. आधी ताई जेवलीस का, मग भाऊजी पोचले का. उद्या मोठी होडी वर घ्यायची आहे, त्यांना जरा लवकर पाठव, गुडघा दुखत असेल तर राहू दे. वहिनीने नेहमीच्या आवाजात उत्तरं दिली, पोरांची चौकशी केली, धाकटीचा खोकला थांबला का विचारलं. मग ढब्बू म्हणाला, की बंगलेवाले तुमच्या पुढे बांध घालून देणार आहेत असं कानावर आलंय, खरं का? वहिनी हो म्हणाली.

"बरं झालं गं ताई," ढब्बू म्हणाला. त्याला मनापासून आनंद झालेला आवाजातच कळत होता. "भाऊजींचे हाल बघवत नव्हते. टिटवी आलीय ना? तिला विचार, आमच्या खाडीतही असा बांध होईल का."

वहिनीने वर पाहिलं. बाहेर पायरीवर दादाची पाठ ताठ झाली. त्याला सगळं ऐकू येत होतं. टिटवीच्या पुढ्यात नकाशा अजून उघडाच होता. ढब्बूच्या खाडीनंतर किनारा पुन्हा वळत होता आणि त्या वळणापलीकडे काही घरं दाखवली होती. तिथे कोण राहतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचं तिला बरं वाटलं.

"होईल म्हणावं," ती म्हणाली.